ओझूंची लाल किटली: कृष्णधवल आणि रंगीत चित्रपटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एकदा कुणाच्या तरी दिवाणखान्यात पांढरी चादर ताणायची, प्रोजेक्टर लावायचा आणि जुना चित्रपट पाहायचा, असा आमचा पंधरा-वीस जणांचा उद्योग आहे. गेलं वर्षभर आम्ही यासुजिरो ओझू या एकाच जपानी दिग्दर्शकाला धरून बसलो होतो. आधी कृष्णधवल चित्रपट, मग रंगीत. चित्रपट संपल्यावर चहाबरोबर जे प्रश्न निघत, त्यातले बरेचसे पुन्हा पुन्हा तेच असत, म्हणून ते इथे उत्तरांसकट लिहून ठेवले आहेत. माहिती पक्की आहे. मतं माझी आहेत आणि आमच्या मंडळींची आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

ओझू कोण, आणि त्यांचे रंगीत चित्रपट किती?

जन्म 12 डिसेंबर 1903, टोकियो. मृत्यू 12 डिसेंबर 1963, म्हणजे बरोबर साठाव्या वाढदिवशी. 1923 साली ते शोचिकू स्टुडिओत कॅमेरा विभागात मदतनीस म्हणून लागले, 1927 साली पहिला चित्रपट केला आणि पुढे पन्नासहून अधिक केले. सुरुवातीचे बरेच मूकपट आज उपलब्धच नाहीत, पहिलासुद्धा नाही. रंगीत चित्रपट फक्त सहा, आणि तेही शेवटच्या पाच वर्षांतले: 'इक्विनॉक्स फ्लॉवर' (1958), 'गुड मॉर्निंग' आणि 'फ्लोटिंग वीड्स' (दोन्ही 1959), 'लेट ऑटम' (1960), 'द एंड ऑफ समर' (1961) आणि 'ॲन ऑटम आफ्टरनून' (1962). एकदा रंगाकडे वळल्यावर ते परत फिरले नाहीत.

जपानमध्ये 1951 सालीच रंगीत चित्रपट आला होता. मग हे 1958 पर्यंत का थांबले?

स्वभाव. बोलपटाच्या वेळीही त्यांनी हेच केलं. शोचिकूचा पहिला बोलपट 1931 साली आला, तरी ओझू 1936 च्या 'द ओन्ली सन'पर्यंत मूकपटच काढत राहिले. त्यांचा छायालेखक स्वतःची ध्वनिपद्धती तयार करत होता आणि 'तुझी पद्धत तयार झाली की तीच वापरीन' असा शब्द त्यांनी त्याला दिला होता. गंमत अशी की जपानचा पहिला पूर्ण रंगीत चित्रपटही शोचिकूचाच. म्हणजे रंग त्यांच्या स्वतःच्या कंपनीत सात वर्षं पडून होता.

शेवटी रेटा कंपनीकडून आला. 'इक्विनॉक्स फ्लॉवर'साठी दाईएई स्टुडिओकडून फुजिको यामामोतो ही त्या काळची मोठी देखणी तारका उसनी आणली होती. एवढा खर्च करून तिला राखाडी रंगात दाखवायचं कोणाला पटणार? ओझू तयार झाले, पण फिल्म स्वतः निवडली. अमेरिकी कोडॅक आणि जपानी फुजी बाजूला ठेवून त्यांनी जर्मन आगफा घेतली, कारण तिच्यात लाल रंग त्यांना हवा तसा उतरत होता. हा तांत्रिक तपशील वाटेल, पण पुढचं सगळं त्या एका निवडीतून निघालं आहे.

ती लाल किटली नक्की काय प्रकरण आहे?

हा प्रश्न आला नाही अशी एकही बैठक झाली नाही.

'इक्विनॉक्स फ्लॉवर'मध्ये हिरायामा नावाच्या एका अधिकाऱ्याच्या घरी जमिनीवर एक लालभडक किटली ठेवलेली दिसते. कुणी तिच्याबद्दल बोलत नाही. तिच्यामुळे काही घडत नाही. पण एकदा दिसली की डोळा तिच्यावरून हलत नाही, आणि मग लक्षात येतं की ती जागा बदलते. एका शॉटमध्ये डावीकडे असते, तर कॅमेरा उलट बाजूला गेल्यावर भलतीकडेच. आमच्यातल्या एका इंजिनिअरने चूक पकडल्याच्या आनंदात चित्रपट दोनदा थांबवायला लावला.

ती चूक नाही. ओझू कॅमेऱ्यातून पाहत आणि सहायकांना कप इकडे, बाटली तिकडे असं सांगत प्रत्येक शॉटची मांडणी नव्याने करत. आधीच्या शॉटमध्ये वस्तू कुठे होती याची त्यांना फिकीर नव्हती; या चौकटीत ती कुठे शोभते एवढाच प्रश्न. हे ते कृष्णधवल चित्रपटांतही करत होते. 'लेट स्प्रिंग' किंवा 'टोकियो स्टोरी'मध्येही कप सरकलेले आहेत, पण करड्या रंगात ते कुणाच्या नजरेत भरत नाहीत. लाल रंगाने त्यांची जुनी सवय उघडी पाडली, इतकंच.

'लाल म्हणजे काय? क्रोध? प्रेम? मुलीचं लग्न?' असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर: काही नाही. आपल्याला रंगाचा अर्थ लावायची सवय आहे. खलनायिकेची साडी, नायिकेचं कुंकू, वादळाआधीचं निळं आकाश. ओझूंचा लाल रंग कुणाच्या मनातलं सांगत नाही. रांगोळी काढून झाल्यावर मधोमध हळदीकुंकवाची चिमूट टाकतात, तसा तो चौकटीत टाकलेला असतो. चौकट त्याने बसते. चित्रपटाच्या नावातलं फूलही लालच आहे, शरद संपाताच्या सुमारास फुलणारं. त्यातून अर्थ काढायचा तर काढा. मी आधी खूप काढले, मग सोडून दिले.

कृष्णधवल ओझू खोल आणि रंगीत ओझू हलके, हे खरं आहे का?

आमच्याकडे यावरून दोन तट पडले आणि ते अजून बुजलेले नाहीत.

पहिल्या तटाचं म्हणणं असं. 'टोकियो स्टोरी' (1953) पाहिल्यावर दुसरं काही पाहायची गरज नाही. ओनोमिची गावाहून म्हातारा-म्हातारी टोकियोला मुलांकडे येतात, मुलांना वेळ नाही, त्यांना आतामीच्या गोंगाटी हॉटेलात पाठवलं जातं, आणि खरी माया लावते ती युद्धात गेलेल्या मुलाची विधवा नोरिको. करड्या छटांमुळे ते घर, ते कपडे, ती माणसं एकाच मातीची वाटतात. रंग असता तर लक्ष वस्तूंकडे गेलं असतं. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी हे फार नेमकं मांडलं: 'कृष्णधवलमध्ये मला माणसं दिसतात, रंगीतमध्ये घरं दिसतात.' जगभरच्या समीक्षकांचा कलही याच बाजूला आहे. ब्रिटिश नियतकालिक 'साइट अँड साउंड'च्या 2012 च्या पाहणीत दिग्दर्शकांनी 'टोकियो स्टोरी'ला पहिलं स्थान दिलं, आणि 2022 च्या समीक्षकांच्या यादीत तो चौथा होता.

दुसऱ्या तटाला 'गुड मॉर्निंग' जीव की प्राण. नदीच्या बांधाजवळची एकसारख्या घरांची वस्ती, टीव्हीसाठी हट्ट करून मौनव्रत धरणारे दोन भाऊ, शेजारणींची कुजबुज, आणि पादण्याची स्पर्धा. हो, ओझूंनीच केलेला आहे. शेवटच्या दृश्यात दोरीवर चड्ड्या वाळत असतात, आणि त्या कुठल्याही निसर्गचित्राइतक्या निगुतीने चौकटीत बसवलेल्या आहेत. या मंडळींना कृष्णधवल ओझू जरा देवळात गेल्यासारखे वाटतात.

मला दोन्ही तट अर्धे चुकलेले वाटतात. आधी तारखा पाहा. ओझूंचा शेवटचा कृष्णधवल चित्रपट 'टोकियो ट्वायलाइट' (1957). थंडी, रात्र, माजोंग या सोंगट्यांच्या खेळाचे अड्डे, घर सोडून गेलेली आई, गर्भपात, मुलीचा मृत्यू. इतका काळोखा चित्रपट त्यांनी दुसरा केला नाही, आणि त्या वेळी तो फारसा उचलूनही धरला गेला नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी येते लाल किटली. म्हणजे विषय हलका झाला तो रंग आला म्हणून, की अंधाराचा तळ गाठून झाला होता म्हणून? मला दुसरं जास्त पटतं.

शिवाय रंगीत चित्रपट हलके आहेत हेच मुळात खरं नाही. 'द एंड ऑफ समर' आठवा. दारू गाळणाऱ्या घराण्यातले रंगेल आजोबा, नातवाशी लपाछपी खेळता खेळता हळूच कपडे बदलून जुन्या प्रेयसीकडे पळणारे. तासभर आपण हसत असतो. मग आजोबा जातात, स्मशानाच्या उंच धुराड्यातून धूर निघतो, काळ्या कपड्यातली माणसं ओळीने पूल ओलांडतात आणि कावळे बसलेले दिसतात. रंगीत चित्रपट चक्क काळ्यात संपतो. हा काळा 'टोकियो ट्वायलाइट'च्या काळ्यापेक्षा मला जास्त भिववतो, कारण त्याआधी दीड तास हिरवं, निळं, लाल पाहिलेलं असतं.

आणि 'ॲन ऑटम आफ्टरनून'. त्याकडे खाली वळतोच.

एकच गोष्ट दोनदा काढली म्हणतात. दोन्ही पाहण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि कृष्णधवल-रंगीत तुलना करायची असेल तर याहून चांगली सोय दुसरी नाही. दोन जोड्या घ्या.

पहिली: 'अ स्टोरी ऑफ फ्लोटिंग वीड्स' (1934, मूकपट) आणि 'फ्लोटिंग वीड्स' (1959). फिरत्या नाटक मंडळीचा मालक जुन्या गावी परततो. तिथे त्याची एक बाई आहे, मुलगा आहे, आणि मुलगा त्याला मामा समजतो. कंपनीतल्या सध्याच्या प्रेयसीला हे कळतं आणि ती सूड उगवते. आपल्याकडे तमाशाच्या फडांवर आणि नाटक कंपन्यांवर वाढलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. दोन्ही चित्रपटांत भर पावसातलं भांडण आहे: अरुंद रस्त्याच्या अलीकडे तो, पलीकडे ती, दोघं आपापल्या वळचणीखाली, मध्ये पाऊस. 1934 मध्ये पाऊस राखाडी पडद्यासारखा पडतो आणि दोघांना पुसून टाकतो. 1959 मध्ये छायालेखन काझुओ मियागावांचं आहे. ओझूंचे नेहमीचे छायालेखक युहारु आत्सुता नव्हेत, कारण चित्रपट दाईएईसाठी केला होता. तारका उसनी घेतल्याची परतफेड. मियागावांच्या पावसाला वजन आहे, ओल आहे. इथे आमचे दोन्ही तट प्रथमच एकमताने रंगीत चित्रपटाच्या बाजूने गेले. सुरुवातीच्या शॉटमध्ये एक दीपस्तंभ आणि त्याच्याच आकाराची बाटली शेजारी शेजारी ठेवून ओझूंनी जो मिश्कीलपणा केलाय, तो पाहून कुणीतरी टाळी वाजवली होती.

दुसरी जोडी अधिक नाजूक. 'लेट स्प्रिंग' (1949) मध्ये विधुर बाप मुलीने लग्न करावं म्हणून आपणच दुसरं लग्न करणार असल्याचं खोटं सांगतो. मुलगी सेत्सुको हारा. 'लेट ऑटम'मध्ये विधवा आई आणि मुलगी, आणि त्यांच्या लग्नाची उठाठेव करणारे दिवंगत नवऱ्याचे तीन मित्र. आता आईच्या भूमिकेत सेत्सुको हारा. अकरा वर्षांत तीच बाई पाटाच्या पलीकडे जाऊन बसली. ही जोडी लागोपाठ दोन दिवशी पाहिली तर दुसऱ्या दिवशीचा शेवट सोसवत नाही. चित्रपट म्हणून मात्र 'लेट स्प्रिंग' सरसच. 'लेट ऑटम'मधले ते तीन मित्र मला जरा जास्त वेळ खातात असं वाटतं. माझ्या पत्नीचं मत बरोबर उलटं आहे: तिला तेच तिघं आवडतात.

'गुड मॉर्निंग' हा 1932 च्या 'आय वॉज बॉर्न, बट...'चा नवा अवतार म्हणतात, पण नातं लांबचं आहे. दोन भाऊ आणि हट्ट एवढंच समान. 1932 च्या चित्रपटात मुलांना आपला बाप साहेबापुढे विदूषकासारखा वागतो हे कळतं, आणि ते कळणं गंभीर आहे.

कॅमेरा इतका खाली का? आणि हलतच नाही का?

जपानी घरात माणसं तातामी चटईवर बसतात, म्हणून बसलेल्या माणसाच्या नजरेची उंची, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. अर्धंच खरं आहे, कारण कचेरीत आणि रस्त्यावरही त्यांचा कॅमेरा खालीच असतो, आणि बऱ्याचदा बसलेल्या माणसाच्याही खाली. आमच्याकडे एक आजी येतात, त्यांनी मात्र पहिल्याच दिवशी निकाल लावला: 'बरं वाटतं. कुणी डोक्यावर उभं राहून बघत नाही.'

हलण्याबद्दल: कृष्णधवल चित्रपटांत तो अधूनमधून हलतो. तरुणपणीच्या मूकपटांत तर बराच. 'अर्ली समर' (1951) मध्ये चक्क क्रेनवरून घेतलेला शॉट आहे, त्यांच्या कारकिर्दीतला एकमेव. 'टोकियो स्टोरी'मध्येही सावकाश सरकणारा एखादा शॉट सापडतो. रंग आल्यावर मात्र ते पूर्ण थांबलं. सहाही रंगीत चित्रपटांत कॅमेरा एकदाही हलत नाही. रंगामुळे पडद्यावर आधीच इतकं चाललेलं असतं की हलायची गरज उरली नाही, असा माझा कयास. आणि त्या काळात सगळे रुंद पडद्याच्या मागे लागलेले असताना त्यांनी जुनी, जवळपास चौकोनी चौकटच धरून ठेवली.

सगळे चित्रपट एकसारखे का वाटतात? नावंही लक्षात राहत नाहीत.

कारण ते एकसारखेच आहेत. कोगो नोदा या जुन्या मित्राबरोबर बसून ओझू पटकथा लिहीत. तेच बाप, त्याच मुली, तेच कचेरीतले मित्र, तोच दारूचा गुत्ता. हिरायामा हे आडनावसुद्धा पुन्हा पुन्हा येतं. चिशू ऱ्यू हा नट जवळजवळ सगळीकडे आहे, आणि 'टोकियो स्टोरी'त सत्तरीचा म्हातारा केला तेव्हा तो 49 वर्षांचा होता. नावं बरीचशी ऋतूंची. आमच्या मंडळात लोक आता नावं घेतच नाहीत: 'सफरचंदाचा', 'चड्ड्यांचा', 'कावळ्यांचा' असं म्हणतात आणि कुणाचाही गोंधळ होत नाही.

'लेट स्प्रिंग'मधली फुलदाणी रंगीत असती तर?

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: लग्नाआधी बाप-लेक क्योतोला शेवटची सहल करतात. रात्री शेजारी शेजारी अंथरुणं. मुलगी काहीतरी बोलते, बाप झोपलेला असतो. ती छताकडे पाहून किंचित हसते. मग अंधाऱ्या कोपऱ्यातली फुलदाणी, मागे कागदी दारावर बांबूच्या सावल्या. परत मुलगी, आता डोळे भरलेले. परत फुलदाणी. बस. या काही सेकंदांवर अभ्यासकांनी ग्रंथ लिहिले आहेत.

रंगीत असती तर ती एक छान फुलदाणी झाली असती. माणूस म्हणाला असता, वा, कुठल्या शतकातली? कृष्णधवल अंधारात ती वस्तू राहत नाही, नुसती थांबलेली वेळ होते. इथे मी पहिल्या तटाकडे सपशेल जातो. उत्तरार्धातल्या रंगीत चित्रपटांत ओझू भिंतीवर खरी चित्रं आणि कपाटात खरी चिनीमाती मांडत, ती मांडणी डोळ्यांना सुख देते. पण त्या रात्रीच्या फुलदाणीच्या तोडीचं त्यात काही नाही. एक अपवाद सोडून.

तो अपवाद कोणता?

'ॲन ऑटम आफ्टरनून'ची शेवटची दहा मिनिटं.

हा त्यांचा अखेरचा चित्रपट. पटकथा लिहिणं चालू असताना, 1962 च्या फेब्रुवारीत त्यांची आई गेली. ओझू अविवाहित होते आणि आयुष्यातला बराच काळ आईबरोबर राहिले होते. गोष्ट पुन्हा तीच: विधुर बाप, लग्नाची मुलगी. पण आता जपान बदललाय. सुरुवातीलाच लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कारखान्याची धुराडी. थोरला मुलगा फ्रिजसाठी बापाकडून पैसे उसने घेतो आणि जरा जास्तच मागतो, कारण मनात गोल्फच्या काठ्या आहेत. शेजाऱ्याकडे व्हॅक्युम क्लीनर आलाय. या वस्तू रंगीत आहेत, गोजिऱ्या आहेत, आणि हव्याशा वाटाव्यात म्हणूनच तशा दाखवल्यात.

मुलीचं लग्न होतं. लग्न आपल्याला दिसत नाही, नवरदेवही दिसत नाही. ('लेट स्प्रिंग'मध्येही दिसत नाही, तो अमेरिकी नट गॅरी कूपरसारखा दिसतो एवढंच कानावर येतं.) बाप बारमध्ये जाऊन पितो, घरी येतो, नौदलाचं जुनं संचलनगीत पुटपुटतो. मग मुलीची रिकामी खोली, आरसा, जिना. शेवटी बाप बोळाच्या टोकाला स्वयंपाकघरात पाठमोरा, किटलीतून पाणी ओतून पितो आणि बसतो.

'लेट स्प्रिंग'च्या शेवटी हाच नट, चिशू ऱ्यू, सफरचंद सोलता सोलता मान खाली घालतो आणि मग समुद्राच्या लाटा येतात. तिथे एक उदात्तपणा आहे, निसर्ग मदतीला येतो. 1962 मध्ये लाटा नाहीत. तेच स्वयंपाकघर आहे, नीटनेटकं, सुरेख रंगांचं, दिवसभर पाहिलेलं. रंग तसूभरही उतरत नाही, आणि माणूस मात्र एकटा पडलेला असतो. घरातल्या कुणाच्याही जाण्यानंतर आपल्याही ओट्यावरची स्टीलची भांडी तशीच चकाकत असतात, तसं ते दिसतं. रंगीत ओझूंना हलकं म्हणणाऱ्यांनी एवढी दहा मिनिटं पाहावीत आणि मग वाद घालायला यावं.

मला झोप लागली. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. आमच्याकडे 'टोकियो स्टोरी'च्या 136 मिनिटांत तीन जण झोपले, त्यातले दोघं डॉक्टर. जेवून बसू नका. आणि सुरुवातीच्या वीस मिनिटांत कोण कुणाचं कोण हे कळलं नाही तरी चालतं. पाहुणे आलेल्या घरात आपण गेल्यावर जसं हळूहळू कळतं तसंच कळतं.

कुरोसावा आणि मिझोगुची या ओझूंच्या काळातल्या जपानी दिग्दर्शकांनी रंगाचं काय केलं?

केंजी मिझोगुचींनी दोनच रंगीत चित्रपट केले, दोन्ही 1955 सालचे, दोन्ही ऐतिहासिक. अकिरा कुरोसावांचा पहिला रंगीत चित्रपट 1970 चा. त्याआधी 1963 च्या 'हाय अँड लो' या कृष्णधवल चित्रपटात त्यांनी एकाच ठिकाणी गुलाबी धूर दाखवला होता. कुरोसावांचा रंग ढोल वाजवत येतो. लाल सैन्य, पिवळं सैन्य, पेटलेला किल्ला. मला आवडतो, पण तो वेगळा विषय आहे आणि इथे काढला की रात्रीचे बारा वाजतात.

जुन्या कृष्णधवल चित्रपटांना संगणकाने रंग भरलेले तुकडे फिरतात. ते पाहावेत का?

माझं उत्तर: नको. ओझूंनी रंग कसा वापरला असता याचा पुरावा सहा चित्रपटांत आहे. आधी रंग ठरवायचा, मग त्यानुसार वस्तू आणायची, मग ती चौकटीत बसवायची. आधी चित्रित झालेल्या करड्या चौकटीवर मागाहून रंग फासणं म्हणजे विहिणीचा मान न राखता जेवायला वाढण्यासारखं आहे. वरणभात तोच, पण गेलं सगळं.

आमच्याकडे रंग फिके, पिवळट दिसले. चित्रपटच तसे आहेत का?

नाहीत. जुन्या प्रतींवरून काढलेल्या डीव्हीडींत रंग उतरलेले असत. ओझूंच्या 110 व्या जन्मवर्षी, 2013 साली, शोचिकूने आपल्याकडचे चार रंगीत चित्रपट डिजिटल पद्धतीने नव्याने दुरुस्त केले. शक्यतो तीच आवृत्ती मिळवा. किटली लालच दिसली पाहिजे, विटकरी नव्हे. 'टोकियो स्टोरी'चं दुखणं वेगळं: मूळ निगेटिव्ह प्रयोगशाळेतल्या आगीत गेलं, त्यामुळे आज आपण पाहतो ते पुढच्या पिढीच्या प्रतीवरून केलेलं आहे. थोडी धूसरता त्यात राहणारच.

घरच्या टीव्हीवर पाहणार असाल तर दोन गोष्टी करा. चित्र ताणून पूर्ण पडदाभर करू नका. डाव्या-उजव्या बाजूचे काळे पट्टे असू द्या. आणि रंग भडक करणारी, हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग्ज बंद करा. आमच्या पहिल्या खेळाला हे राहून गेलं होतं आणि 'गुड मॉर्निंग' अर्धा तास पापडाच्या जाहिरातीसारखा दिसत होता.

मराठी प्रेक्षकाला हे इतकं ओळखीचं का वाटतं?

सगळ्यांना वाटत नाही. पण मुलगी दाखवणं, मधल्या माणसाने फोटो आणणं, मावशी-आत्यांची घाई, 'आम्ही काही जबरदस्ती करत नाही हो' म्हणत केलेली जबरदस्ती, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. फरकही लक्षात घ्या: ओझूंच्या घरात रडारड अगदी क्वचित. पाठवणी नाहीच. आपण जिथे मोठ्याने रडलो असतो तिथे ते 'हवा छान आहे' म्हणतात. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आणि चित्रपट संग्रहालयात हे चित्रपट पाहत एक-दोन पिढ्या तयार झाल्या, त्यामुळे ओझू म्हणजे अभ्यासाचा विषय अशी समजूत आपल्याकडे जरा घट्ट बसली आहे. आजींना विचारा. त्यांनी एकही लेख वाचलेला नाही.

सुरुवात कुठून करू?

'गुड मॉर्निंग'पासून. दीड तासाचा आहे, मुलांना घेऊन बसता येतं. मग 'लेट स्प्रिंग', मग 'फ्लोटिंग वीड्स'. 'टोकियो स्टोरी' चौथा ठेवा, पहिला नको; कीर्ती ऐकून गेलं की माणूस चित्रपट पाहत नाही, परीक्षा देतो. 'टोकियो ट्वायलाइट' थंडीत रात्री एकट्याने पाहू नका. 'ॲन ऑटम आफ्टरनून' सगळ्यांत शेवटी, आणि घरात लग्न असेल तर लग्न उरकल्यावर.